बारा कुठून आले? अलिबागच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार. मुलांच्या शिडाच्या होड्यांच्या निकालाचा घोळही चारचौघांतच झाला होता.

मी शिडाच्या होडीतली नाही, हे तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांतच कळलं असेल. चार वर्षांपूर्वी मुलाला ऑप्टिमिस्ट, म्हणजे लहान मुलांची छोटी शिडाची होडी, शिकायला घेऊन यायला लागले. तो पाण्यात असताना मी धक्क्यावर पुस्तक वाचत बसायची. एका रविवारी कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्हाला एक्सेल येतं ना?" आणि क्लबचा लॅपटॉप माझ्या मांडीवर आला तो आलाच. तेव्हापासून लहान मुलांच्या रेसचे निकाल माझ्याकडे असतात.

निकालांसाठी आम्ही सेलवेव्ह वापरतो. फुकट मिळणारा, विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम. कामाला चोख आहे, तक्रार नाही. घोळ घातला तो मी. आमची पद्धत अशी, की दर मोसमाला गेल्या वर्षीची फाइल उघडायची, नाव बदलून सेव्ह करायची आणि मुलांची नावं बदलायची. ही परंपरा कोणी सुरू केली देव जाणे, पण २०१८ पासून एकच फाइल कात टाकत टाकत चालली होती. शर्यतीचे नियम दर चार वर्षांनी नवे येतात. २०२१ ला आले, २०२५ च्या १ जानेवारीला पुन्हा आले. फाइल मात्र जुन्याच जगात.

शेवटच्या रेसच्या आदल्या रात्री मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी लॅपटॉप अपडेट केला आणि सेलवेव्हही नवं टाकलं. सकाळी सगळं नीट उघडलं, म्हणून खूश होते. तुम्ही नंतर म्हणालात ते मी आता कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलंय : "अपडेट प्रोग्रॅमला होतं, फाइलला होत नाही." गुणांची पद्धत, शर्यत पुरी न करणाऱ्यांसाठीचे कोड, किती रेस वगळायच्या, हे सगळं त्या मालिकेच्या फाइलच्या पोटात असतं. प्रोग्रॅम कितीही नवा आणा, जुन्या फाइलीला तो जुन्याच नियमांनी वागवणार.

त्या दुपारी वायव्येचा वारा छान धरला होता. चारच्या सुमारास शेवटची होडी आली. एका मुलाने एक मार्क, म्हणजे वळसा घालायची खूण, चुकीच्या बाजूने घेतला होता. रेस ऑफिसर म्हणाले, त्याला एनएससी द्या, म्हणजे ठरलेला मार्ग पुरा केला नाही. हा कोड २०२१ च्या नियमांत आला. आमच्या फाइलीत कुठून असणार? साडेसहाला बक्षीस समारंभ. मी विचार केला, आता कोड कुठे शोधत बसू, नवी कोरी फाइल उघडू, तिच्यात नवे कोड असणारच. उघडली, चौदा मुलांची यादी आत ओढली, सहाही रेसचे निकाल भराभरा भरले, गणित करायला सांगितलं.

आणि पहिला नंबर बदलला. आदल्या आठवड्यापर्यंत जी मुलगी आघाडीवर होती ती दुसरी. दुसरा होता तो पहिला, तोही चार गुणांनी.

माझ्या हाताला घाम फुटला. मी तीच बटणं पुन्हा दाबली, प्रोग्रॅम बंद करून चालू केला, लॅपटॉपही बंद करून चालू केला. (हे सगळेच करतात, हसू नका.) बाहेर टेबलावर पांढरं कापड घालून कप मांडले जात होते आणि बटाटेवड्यांचा वास येत होता. शेवटी सेफ्टी बोटीवरचे तांडेल म्हणाले, "अलिबागच्या काकांना लावा फोन. ते हाताने काढायचे निकाल." तुमचा नंबर त्यांच्याकडेच होता.

तुम्ही वाडीत होतात. मागे पंपाचा आवाज येत होता. मी म्हटलं, स्क्रीनचा फोटो पाठवते. तुम्ही म्हणालात, "माझा फोन बटणांचा आहे. तू वाच, मी ऐकतो." तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. आता कळतंय की फोटो गेला असता तर काहीच सापडलं नसतं.

तुम्ही आधी विचारलंत, "जुनी फाइल आहे का, की तिच्यावरच घातलंस?" होती. "मग घाबरू नकोस. आता एक काम कर, चौदाच्या चौदा होड्या सोड. दोनच घे. नावं सांगू नकोस, शिडावरचे नंबर सांग. आणि कागदावर पेन्सिलीने लिही."

मी वाचलं. जितवा नंबर तितके गुण, आणि सगळ्यांत कमी गुणांची होडी पहिली. पहिली होडी : एक, दोन, एक, डीएनएफ (शर्यत पुरी केली नाही), तीन, डीएनसी (आलीच नाही). दुसरी : तीन, चार, चार, तीन, पाच, चार. चौथ्या रेसला त्या मुलीचं सुकाणू तुटलं होतं, सहाव्या रेसला ती आलीच नव्हती, दुसऱ्या दिवशी दहावीची प्रिलिम सुरू होत होती. एक वाईट रेस वगळायची. दुसऱ्या होडीची बेरीज तेवीस, त्यातले पाच वगळून अठरा. ती तुम्ही माझ्या आधी केलीत. "पहिल्या होडीला डीएनएफचे किती दिलेत?"

"पंधरा."

"आणि डीएनसीचे?"

"तेही पंधरा."

"दोन्ही सारखे? मग सुकाणू मोडेपर्यंत झगडलेली पोर आणि घरी बसलेली पोर एकच झाली की!"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मग तुम्ही शांतपणे समजावलंत. नियमांच्या परिशिष्ट ए मध्ये नेहमीची पद्धत ही, की शर्यत पुरी न करणाऱ्याला नावं नोंदवलेल्या होड्यांपेक्षा एक जास्त गुण. चौदा होड्या, म्हणून पंधरा. दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेत हे बरोबर. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या मालिकेत दर रविवारी सगळे येत नाहीत. म्हणून त्याच परिशिष्टात कलम ५.३ ची सोय आहे. स्पर्धेच्या सूचनापत्रात तसं लिहिलं असेल, तर स्टार्टच्या जागी आलेल्या पण शर्यत पुरी न केलेल्या होडीला, त्या दिवशी तिथे आलेल्या होड्यांपेक्षा एकच जास्त. आलीच नाही तिला मात्र पूर्ण पंधरा. "तुमच्या सूचनापत्रात ५.३ आहे का बघ." होतं. चौथ्या पानावर, एका ओळीत. गेली चार वर्षं मी त्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जात होते. जुन्या फाइलीत हे कोणीतरी आधीच लावून ठेवलेलं होतं, मी कोरी फाइल घेतली आणि ते पुसलं गेलं.

नोटपॅडमध्ये दोन्ही फायली शेजारीशेजारी उघडल्या, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. मालिकेची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, अवतरणचिन्हांतल्या शब्दांच्या ओळीच्या ओळी. डीएनएफची ओळ दोन्हींत वेगळी होती. नोटपॅडमध्ये हात लावायचा नाही, फक्त बघायचं, हेही तुम्हीच सांगितलंत, तेही सेलवेव्ह कधी न बघता. "रजिस्टर खाडाखोड करून दुरुस्त करत नाहीत, तसंच ते." मग प्रोग्रॅममध्ये जाऊन कोड बदलला.

नवा आकडा आला. त्या मुलीचे एकोणीस. पहिला नंबर अजून त्या मुलाकडेच, अठरा गुणांनी.

आता इथे एक गोष्ट सांगते, जी त्या दिवशी सांगितली नव्हती. दुसरी होडी माझ्या मुलाची होती.

तुम्ही नावं सांगू नको म्हणालात, म्हणून बचावले होते. एकोणीस आणि अठरा बघून मला सुटल्यासारखं झालं, हे खरं आहे. पद्धत दुरुस्त झाली, नियम पाळला, आणि निकाल तोच राहिला. सहाला दहा मिनिटं कमी होती. मी म्हणालेसुद्धा, "झालं काका, मिळालं. थँक्यू." फोन ठेवायला गेले.

"थांब," तुम्ही म्हणालात. "एकोणीस म्हणजे डीएनएफला बारा दिलेस. बारा कुठून आले? चौथ्या रेसला होड्या किती होत्या?"

मी फिनिश शीट शोधलं. मिठाच्या पाण्याने एक कोपरा फुगलेला, अक्षर तांडेलांचं, पेन्सिलीतलं. (पेन ओल्या कागदावर चालत नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, एका रेसचा अख्खा निकाल निळं पाणी होऊन गेला तेव्हा.) आठ होड्यांच्या वेळा. मग त्या मुलीचा नंबर आणि पुढे डीएनएफ. मग पाच नंबरांपुढे नुसती आडवी रेघ. मी त्यांतल्या तिघांना डीएनसी दिलं होतं आणि दोघांना डीएनएस. का, ते मला आजही आठवत नाही. डिसेंबरातली रविवारची रात्र, स्वयंपाक व्हायचा होता, एवढंच आठवतं.

डीएनएस म्हणजे आली पण निघाली नाही. डीएनसी म्हणजे आलीच नाही. प्रोग्रॅम बिचारा, मी सांगितलं तेच मानणार. त्याने आलेल्या होड्या अकरा धरल्या, म्हणून बारा. नेहमीच्या पद्धतीत या दोन कोडांचे गुण सारखेच पडतात, फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. ५.३ मध्ये मात्र घरी बसलेली एक होडी आपण चुकून पाण्यात उतरवली, की त्या दिवशी शर्यत पुरी न करणाऱ्या प्रत्येकाचा एक गुण वाढतो.

"ते दोघे पाण्यात होते का?" तुम्ही विचारलंत.

तांडेल माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "कुठले? दोघं भाऊ ना? मामाच्या लग्नाला गावी गेलेले." मी पाण्यात उतरण्याआधीच्या सह्यांची वही काढायला लावली. त्या तारखेला नऊ सह्या. दोघांच्या चौकटी कोऱ्या.

नऊ आल्या, म्हणून डीएनएफला दहा. एक, दोन, एक, दहा, तीन. सतरा.

म्हणजे ही चूक जुन्या फाइलीतही होती काका. डिसेंबरपासून. मी शनिवारी काही अपडेट केलं नसतं, कोरी फाइल घेतली नसती, तर जुन्या फाइलीने गुपचूप एकोणीस-अठरा छापलं असतं. नियम जुळलेला, सगळं जागच्या जागी, कोणी प्रश्न विचारला नसता, आणि कप माझ्या घरी आला असता. ज्या अपडेटला मी दोन तास शिव्या घालत होते, त्याच्यामुळे तुम्हाला फोन झाला.

रेस ऑफिसरांना वही आणि शीट दाखवलं. त्यांनी दुरुस्ती करून सही केली, स्वतःच्याच नोंदीवरून चूक कळली तर समितीने ती सुधारायचीच असते. निकाल सहा वाजून बावीस मिनिटांनी फळ्यावर लागला. मुलाला आधी कोणीतरी "तू पहिला" म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वरळीपर्यंत तो गाडीत बोलला नाही. मग म्हणाला, "तिचं सुकाणू तुटलं नसतं तर ती कितीने जिंकली असती?" आम्ही सिग्नलला ते गणितही केलं.

फोनवर शेवटी तुम्ही थोडं गप्पांत आला होतात, ते मी जपून ठेवलंय. १९८२ च्या एशियाडच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि फायरबॉल या दोघांच्या होडीच्या प्रकारात तारापोर आणि करंजिया यांनी सुवर्ण घेतलं, तेव्हा तुम्ही नौदलात होतात आणि एका मार्क बोटीवर ड्यूटीला होतात. तेव्हाच्या जुन्या ऑलिंपिक पद्धतीचे गुण तुम्ही पाढ्यासारखे म्हणून दाखवलेत : पहिल्याला शून्य, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच पूर्णांक सात, चौथ्याला आठ, पाचव्याला दहा, सहाव्याला अकरा पूर्णांक सात. आता पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, किती सोपं! तरी मी चुकले.

या मोसमाची फाइल नवी, अगदी कोरीतून बांधली आहे. ५.३ लावून. त्याची परीक्षा म्हणून गेल्या वर्षीच्या सहा रेस तिच्यात भरल्या आणि सतरा-अठरा आल्यावरच पुढे गेले. फिनिश शीटवर आता आडवी रेघ चालत नाही, "आली नाही" असं अक्षरात लिहायचं, तांडेलांनी कुरकुर करत मान्य केलंय. आणि निकाल लावण्याआधी मी दोन होड्यांची ओळ कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवते. बहुतेक वेळा ऐकणारा मुलगाच असतो, आणि त्याला नावं सांगत नाही.

तुमच्या वेळेचं, आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेल्या शिंपण्याचं, देणं माझ्यावर आहे.

आपली नम्र,
लॅपटॉपवाली ताई

ता. क. : तांडेल सांगत होते की तुम्ही मांडव्याहून लाँचने कधीकधी गेटवेला येता. आलात की क्लबवर या. कार्बन लावलेली तुमची जुनी रजिस्टरं वरच्या माळ्यावर सापडली आहेत, दोन वाळवीने गेली, पाच चांगली आहेत. त्यांतल्या एकात तुम्ही कोणालातरी चुकून दोनदा पाचवा दिलाय. मी पेन्सिलीने शेजारी खूण केली आहे, खाडाखोड केलेली नाही.