वाऱ्याचा नुसता एक आकडा काय कामाचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हवामानाचा चौकोन रोज येतो, जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार सगळ्यांचं कमाल-किमान असतं आणि शेवटी बारीक अक्षरात "वारा ताशी 16 किमी". त्याबद्दलच लिहितोय.

आमची केळीची बाग यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. मागच्या मे महिन्यात बाग कापणीवर आलेली, अर्ध्या झाडांना बांबूचे टेकू लावून झाले होते आणि बाकीचे उद्या लावू म्हटलं, कारण पेपरातही 16 अन् मोबाईलवरही 16. दिवसभर पश्चिमेचा गरम वारा होता, साडेचारला तो एकदम पडला, पानसुद्धा हलेना, आणि मग डोंगराकडून गार झोत आला तो दहा मिनिटं. थांबला तेव्हा बिनटेकूचा सगळा भाग आडवा, सगळ्या झाडांचे शेंडे नैऋत्येला, म्हणजे वारा ईशान्येकडून आला होता हे सांगायला कुठलं यंत्र लागलं नाही.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की 16 चुकीचं नव्हतंच. तो सरासरी वेग असतो, साधारण 10 मिनिटांचा, आणि तोही मोकळ्या जागी जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा. झाड पाडतो तो झोत, तो 3 सेकंदांचा मोजतात आणि त्याचा आकडा वेगळा असतो. वादळी ढगात पावसाने हवा थंड होते, जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, म्हणून वाऱ्याची दिशा एकदम फिरते आणि अंगाला गारवा लागतो. हे दोन-चार गावांपुरतंच असतं, एवढी बारीक गोष्ट मोबाईलमधल्या अंदाजात सकाळी कशी दिसणार. शिवाय वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, 20 चा 60 झाला तर नऊपट. घडाने आधीच वाकलेल्या झाडाचं काय होणार सांगा.

एककांचा घोळ वेगळाच. आमच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर संध्याकाळसाठी 12 दाखवत होतं, तो म्हणाला काही नाही, आणि कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री नीट न बांधताच घरी गेला. ते 12 मीटर होतं, सेकंदाला! साडेतीन-पावणेचारने गुणा, नेमकं म्हणजे 3.6 ने, तर ताशी 43 किमी होतं. ताडपत्री बाभळीवर सापडली. काही ठिकाणी नॉट असतो, एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी.

तर मागणी एवढीच की मार्च ते जून तरी चौकोनात सरासरी वेग आणि झोत असे दोन आकडे वेगवेगळे द्या, दोन्ही किमीमध्ये, सोबत दिशा. हवामान खातं वादळाचा तातडीचा इशारा पुढच्या 3 तासांपुरता देतं, त्यात "ताशी 40 ते 50 किमी वेगाने वारे" असं असतं. सकाळच्या पेपरात तो शिळा होणार हे समजतं, पण तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला काय हरकत आहे? दुपारी अडीचला आला तरी टेकू लावायला नाही तर निदान पाणी बंद करायला वेळ मिळतो, ओल्या जमिनीत झाड मुळासकट निघतं.

आणि दिशेसाठी बाण छापणार असाल तर एक बघा. "पश्चिमेचा वारा" म्हणजे पश्चिमेकडून येणारा, पण मोबाईलवरचा बाण बऱ्याचदा वारा जातो तिकडे तोंड करून असतो, म्हणजे पूर्वेला. आमच्याच घरात बाप-लेकात यावरून वाद झालाय, शेवटी अंगणात धूळ उडवून बघितली. तेव्हा बाणाखाली नुसतं "कुठून" की "कुठे" एवढं छापा.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव