उपाशी घोड्याला चंदी नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उपासमारीतून सोडवून आश्रयस्थानात आणलेल्या घोड्यांची आपण छापलेली बातमी आणि तिचे छायाचित्र काल पाहिले. बरगड्या मोजता येतील अशी घोडी, तिच्यापुढे चंदीने, म्हणजे दाण्याने, काठोकाठ भरलेले घमेले आणि खाली ओळ 'अखेर पोटभर घास'. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात, त्यांच्यातला एक घोडा सर्व प्रयत्न करूनही पाचव्या दिवशी दगावला, असेही छापले आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला, छायाचित्र निवडणाऱ्याला, कुणालाच जाणवू नये याचे वाईट वाटले आणि रागही आला.

त्या घोड्याचे शवविच्छेदन मी पाहिलेले नाही, त्यामुळे कारण ठामपणे सांगत नाही. पण पाचवा दिवस वाचून घोड्यांचा कोणताही डॉक्टर चपापेल. बरेच दिवस उपाशी राहिलेला घोडा आधी साठवलेली साखर, मग चरबी आणि शेवटी स्वतःचे स्नायू जाळून जगतो. त्यात हृदयाचा स्नायूही आला. अशा शरीरात एकदम दाणा गेला की त्यातल्या पिष्टाची साखर होते, इन्सुलिन उसळते आणि पेशी साखरेबरोबर रक्तातले फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमही आत ओढून घेतात. रक्तातले हे क्षार आधीच तुटपुंजे असतात, ते आणखी घसरतात. अंग थरथरते, पायातले बळ जाते, मग हृदय, श्वसन आणि मूत्रपिंडे हार मानतात. हे पहिल्या भरपेट खाण्यानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घडते. तोवर घोडा आवडीने खात असतो, म्हणून सगळ्यांना वाटते की तो सुधारतो आहे. हीच फसवणूक जिवावर बेतते.

मग द्यायचे काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर वेगवेगळे आहार देऊन पाहिले. त्यात वाळवलेला लसूणघास सर्वांत चांगला ठरला, कारण त्यात पिष्ट कमी, प्रथिने चांगली आणि फॉस्फरस-मॅग्नेशियमही असते. त्यांची पद्धत अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे ४५० ग्रॅम लसूणघास, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला सहा वेळा मिळून २.७ किलो. चौथ्या दिवसापासून प्रत्येक वेळचे माप हळूहळू वाढवायचे आणि वेळा कमी करायच्या, सहाव्या दिवशी दर आठ तासांनी दोन किलोच्या थोडे आत. दहाव्या दिवसानंतर खाईल तेवढे, दिवसातून दोनदा. पाणी मात्र कायम समोर हवे. पहिला आठवडा-दहा दिवस शक्य तितक्या वेळा रक्त तपासून क्षारांकडे लक्ष ठेवावे. ओट, मका, मळी लावलेले खाद्य यांतले काहीही या काळात नको. रात्री दोन वाजता उठून अर्धा किलो गवत टाकणे छायाचित्रात छान दिसणार नाही, पण घोडा त्यानेच जगतो.

उरलेले घोडे अजून या दहा दिवसांतच आहेत. म्हणून विनंती आहे की उत्तर छापण्याची वाट न पाहता त्या आश्रयस्थानाला आजच फोन करून चंदी थांबवायला सांगा.

बातमीत 'तीन घोड्यांना जंताचे औषधही पाजले' असे कौतुकाने म्हटले आहे. कोणते औषध? मॉक्सिडेक्टिन हे जंतनाशक चरबीत साठून राहते. अंगावर चरबीच नसेल तर ते रक्तात जास्त उरते आणि मेंदूवर परिणाम करू शकते, म्हणून खंगलेल्या घोड्यांना ते देऊ नये अशी सूचना असते. शिवाय औषधानंतर आतड्याच्या भिंतीत दडलेल्या जंतांच्या अळ्या एकदम बाहेर पडल्या तर तीव्र जुलाब लागतात. आधी लिदीतली अंडी मोजावीत, घोडा थोडा सावरू द्यावा, मग डॉक्टरने औषध ठरवावे. खुरांचेही तसेच. वाढून वर वळलेले खूर नालबंदाने एकाच बैठकीत आखूड केले तर घोडा उभाच राहू शकत नाही, ते काही आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने कापावे लागतात. धनुर्वाताची लस मात्र लांबवू नये, घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो.

आणि हेही लिहायलाच हवे: 'रविवारी मुलाबाळांसह या, घोड्यांसाठी खाऊ आणा' हे आवाहन आपण कसे छापले? नव्याने आलेला घोडा निदान तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. गळ्याच्या गाठी पिकवणारा संसर्ग ३ ते १४ दिवसांत उघड होतो आणि तो हात, बादल्या, लगाम यांवरून पसरतो. पन्नास माणसे त्या नाकांना हात लावून पुढच्या पागेत गेली तर काय होईल?

घोडे दत्तक देण्याच्या चौकटीत 'स्वभावाने शांत, लहान मुलांना बसवण्यास योग्य' असे वाचले. उपाशी घोडा शांत नसतो, अशक्त असतो. लाथ मारायला, चावायला, लगाम झुगारायला लागणारी ताकद त्याच्यात नसते. ती परत येते तेव्हाच त्याचा खरा स्वभाव कळतो, आणि इतक्या खंगलेल्या घोड्याला मूळ वजनावर यायला सहा ते दहा महिने लागतात. तोवर त्याच्या पाठीवर खोगीरसुद्धा घालू नये, कारण कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायूच गेलेले असतात आणि सगळा भार हाडावर येतो.

घोडा किती सुधारला हे लांबून पाहून ठरवू नये. १९८३ साली डॉन हेनेके यांनी मांडलेली १ (अगदी सापळा) ते ९ (अतिलठ्ठ) गुणांची पद्धत त्यासाठी जगभर वापरतात: मान, खांद्यांवरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून पाहायचे. हाताने अशासाठी की दाट केसांखाली बरगड्या लपतात आणि जंतांनी फुगलेले पोट भरल्यासारखे दिसते. चार-पाच गुणांपर्यंत आलेला, दातांच्या धारदार कडा कानशीने घासून घेतलेला, ओळखीची चिप बसवलेला घोडाच नव्या घरी जावा. घर आधी कुणीतरी पाहून यावे, तिथे दुसरा घोडा असावा, कारण हा कळपाचा प्राणी एकटा झुरतो. विकायचा नाही, जमले नाही तर आश्रयस्थानाकडेच परत द्यायचा, न सांगता पाहणीला येऊ द्यायचे, हे सगळे करारात लिहून घ्यावे. नीट सांभाळलेला घोडा २५-३० वर्षे जगतो हे घेणाऱ्याला तोंडावर सांगावे. ते ऐकून कुणी मागे सरला तर बरेच झाले.

घोडी देण्याआधी तिची सोनोग्राफी करावी. गर्भ अकरा महिने वाढतो आणि खंगलेल्या घोडीत तो बाहेरून ओळखू येत नाही. छायाचित्रात तिच्याच कुंपणात उभा असलेला काळा घोडा खच्ची केलेला दिसत नाही. त्याला आजच वेगळे करायला हवे, आणि अंगात बळ आल्यावर खच्चीकरण झाले तरी पुढचे निदान महिनाभर माद्यांपासून दूर ठेवायला हवे, कारण तोवर तो घोडीला गाभण करू शकतो.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक वाचक