मिडी आणि ऑडिओ एक्स्पोर्टमध्ये गाळल्या जाणाऱ्या माहितीबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व उत्पादन विकास विभाग

विषय : आपल्या संगीत सॉफ्टवेअरमधून ट्रॅक दुसरीकडे नेताना टेम्पो, ताल, मींड आणि ऑडिओची जागा हरवणे, दुरुस्ती व लेखी उत्तर मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या सॉफ्टवेअरची सर्वांत वरची आवृत्ती आमच्या स्टुडिओने विकत घेतली, ती 'प्रोजेक्ट कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा न्या' या जाहिरातीवर विश्वास ठेवून. आमच्या कामाला ही सोय लागतेच. अरेंजर (संगीत संयोजक) एका सॉफ्टवेअरवर वाद्ये बांधतो, गायन दुसऱ्या स्टुडिओत प्रो टूल्सवर होते, मिक्सिंग तिसरीकडे रीपर किंवा क्युबेसवर. फाइल वाटेत बदलली तर तिघांचेही काम बिघडते.

देवाणघेवाणीत काही गोष्टी मागे राहणारच, हे आम्हाला मान्य आहे. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना असतात. प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली वाद्ये व इफेक्ट) आणि त्यांची सेटिंग्ज तिच्यातून जात नाहीत, तशी अपेक्षाही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या गोष्टी नेण्याची तरतूद त्या फाइल प्रकारातच आहे, त्या आपले सॉफ्टवेअर गाळते आणि पडद्यावर 'एक्स्पोर्ट यशस्वी' असे दाखवते. फाइल समोर विनातक्रार उघडते. चूक लक्षात येते ती गायक माइकसमोर उभा राहिल्यावर.

सोबत चाचणीचा प्रोजेक्ट जोडला आहे : सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीची किती मोजमापे घेतली तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, रूपक ताल म्हणून ७/४, टेम्पो मिनिटाला ७६ मात्रांवरून पुढे ८४ वर जाणारा, टाइमलाइनची सुरुवात एक तासावर. खालची प्रत्येक गोष्ट त्यावर कोणालाही करून पाहता येईल.

सर्वांत गंभीर दोष मिडी एक्स्पोर्टच्या दोन पर्यायांत आहे. 'प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल' निवडले की फक्त स्वर लिहिले जातात. टेम्पो आणि तालाच्या नोंदी एकाही फाइलमध्ये नसतात. टेम्पोची नोंद एफएफ ५१ या बाइटांनी सुरू होते आणि तिच्यात एका मात्रेचे मायक्रोसेकंद लिहिलेले असतात. ७६ साठी ७,८९,४७४. ती नसेल तर प्रमाणानुसार टेम्पो १२० आणि ताल ४/४ धरायचा असतो. म्हणजे ०.७८९ सेकंदांची मात्रा अर्ध्या सेकंदावर येते. सोबत पाठवलेला ऑडिओ मात्र मूळ लयीतच असतो, त्यामुळे तबल्याचे मिडी आणि बासरीचे रेकॉर्डिंग पहिल्या आवर्तनातच वेगळे होतात. टेम्पो हाताने ७६ करून भागत नाही, कारण ८४ कडे जाणारा चढ कुठे सुरू झाला हे फाइलला ठाऊकच नाही. शिवाय ४/४ च्या रेघांवर सात मात्रांचा रूपक मांडला की सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि बारची, म्हणजे चार मात्रांच्या गटाची, रेघ दर २८ मात्रांनी एकदाच जुळते. 'बार १७ पासून पुन्हा घेऊ' असे दोन स्टुडिओंनी एकमेकांना सांगायचे कसे?

दुसरा पर्याय 'सर्व ट्रॅक एका फाइलमध्ये'. यात टेम्पो आणि ताल येतात, पण फाइल टाइप ० ची बनते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) उघडल्यास नववा आणि दहावा बाइट दोन्ही शून्य दिसतात. टाइप ० मध्ये सगळे ट्रॅक एकत्र होतात आणि वाद्ये वेगळी करायला फक्त चॅनेल क्रमांक उरतो. आपले सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या ट्रॅकला चॅनेल १ देते. परिणामी बास, बासरी आणि स्ट्रिंग्ज यांचे स्वर एकाच ओळीत मिसळतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. टाइप १ मध्ये हे दोन्ही प्रश्न मिटतात : पहिल्या ट्रॅकमध्ये टेम्पो आणि ताल, पुढे प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र ट्रॅक, नावासकट. हे प्रमाण १९८८ पासून उपलब्ध आहे. आपण तो पर्याय देईपर्यंत ग्राहकाला प्रत्येक ट्रॅकचा चॅनेल हाताने बदलून एकत्र फाइल काढावी लागते, आणि चॅनेल सोळाच आहेत. त्यातला दहावा जनरल मिडीत (वाद्यांच्या क्रमवारीच्या सामायिक प्रमाणात) तालवाद्यांसाठी राखलेला.

मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे. तिचा दोष भारतीय संगीत करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. पिच बेंडचा (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या मिडी संदेशाचा) आकडा ० ते १६३८३ असतो, मध्य ८१९२. तो आकडा म्हणजे किती स्वरांतर, हे मात्र वाद्याच्या बेंड रेंजवर (स्वर जास्तीत जास्त किती सरकेल यावर) ठरते. आपल्या सतारीच्या वाद्यात रेंज १२ अर्धस्वर आहे, तर बहुतेक वाद्ये सांगितले नाही तर २ धरतात. षड्जावरून शुद्ध मध्यमापर्यंतची मींड, म्हणजे पाच अर्धस्वर, आपल्याकडे ११६०५ या आकड्याने लिहिली जाते. रेंज २ असलेल्या वाद्यात तोच आकडा जेमतेम ०.८३ अर्धस्वर चढतो. मध्यम राहिला दूर, कोमल ऋषभही गाठला जात नाही. नुसता बेसूर षड्ज ऐकू येतो. उपाय चार संदेशांचा आहे : ट्रॅकच्या सुरुवातीला कंट्रोलर (क्रमांकाने ओळखला जाणारा मिडी नियंत्रण संदेश) १०१ ला ०, १०० ला ०, ६ ला १२ आणि ३८ ला ०. आपले सॉफ्टवेअर हे संदेश आत येताना वाचते, बाहेर पाठवताना लिहीत नाही. हे चार संदेश लिहिले गेले तर ते पाळणारे कोणतेही वाद्य मींड बरोबर वाजवील. न पाळणाऱ्या वाद्यासाठी एक्स्पोर्टच्या खिडकीत नुसते 'बेंड रेंज १२' असे दिसले तरी समोरचा माणूस ती हाताने लावून घेईल.

आता ऑडिओ. 'निवडलेले ट्रॅक एक्स्पोर्ट करा' म्हटले की प्रत्येक वेव्ह फाइल त्या ट्रॅकवरच्या पहिल्या आवाजापासून सुरू होते, प्रोजेक्टच्या सुरुवातीपासून नाही. याला हरकत नसती, जर ब्रॉडकास्ट वेव्हमधली (आवाजासोबत माहितीही साठवणाऱ्या वेव्ह प्रकारातली) वेळेची नोंद बरोबर असती. ही नोंद मध्यरात्रीपासून मोजलेल्या सॅम्पलच्या संख्येत असते. ४८ किलोहर्ट्झला एक तास म्हणजे १७,२८,००,०००. आपण तिथे प्रत्येक फाइलमध्ये ० लिहिता. समोर 'मूळ वेळेवर ठेवा' ही आज्ञा दिली की सारे ट्रॅक एकावर एक येऊन बसतात. नॉर्मलाइझचा (प्रत्येक फाइलचा आवाज ठरावीक कमाल पातळीपर्यंत वाढवण्याचा) पर्यायही आधीपासून चालू असतो, त्यामुळे तानपुरा गायकाइतका मोठा होतो. तो मुळातच बंद असावा.

इम्पोर्टमध्ये सॅम्पल रेटचा घोळ आहे. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये ओढून आणली तर रूपांतर होत नाही, विचारणाही होत नाही. पाच मिनिटांचे गाणे सुमारे २७६ सेकंदांत संपते आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमध्ये ऐकू येतो, कोणत्याच पट्टीत न बसणारा. फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) ४४,१०० हा आकडा स्पष्ट लिहिलेला असताना तो न वाचण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

शेवटचा दोष मराठीत काम करणाऱ्यांचे रेकॉर्डिंगच पुसतो. विंडोजवर ट्रॅकची नावे देवनागरीत असली की एक्स्पोर्टमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी अधोरेघ येते. 'तबला', 'सतार' आणि 'संबळ' या तिन्ही नावांत युनिकोडची (संगणकावर सर्व लिप्या साठवण्याच्या प्रमाणाची) प्रत्येकी चार चिन्हे आहेत. तिघांचे फाइलनाव चार अधोरेघा असे एकच होते आणि सॉफ्टवेअर न विचारता आधीच्या फाइलवर नंतरची लिहिते. फोल्डरमध्ये उरतो फक्त संबळ. पडद्यावर तरीही 'यशस्वी'. नाव युनिकोडमध्ये आहे तसे ठेवावे आणि तेच नाव आधीपासून असेल तर पुढे क्रमांक जोडावा, इतके पुरे आहे.

आपल्या तांत्रिक साहाय्य विभागाचे उत्तर आले की दोष समोरच्या सॉफ्टवेअरचा आहे. ते आम्ही मान्य करत नाही. जी नोंद फाइलमध्ये लिहिलीच नाही, ती कोणतेही सॉफ्टवेअर वाचू शकणार नाही, आणि फाइलमध्ये काय आहे हे हेक्स एडिटरमध्ये मिनिटभरात तपासता येते. 'मग सगळे ऑडिओ करूनच पाठवा' हा सल्लाही निरुपयोगी आहे. अरेंजरला तिहाईचा एक ठोका हलवायचा असेल तर मिडीच लागते.

आमची मागणी अशी. टाइप १ चा पर्याय द्यावा आणि वेगळ्या फाइलींतही टेम्पो-ताल लिहावा. बेंड रेंजचे संदेश, ब्रॉडकास्ट वेव्हची वेळ, सॅम्पल रेटचे रूपांतर आणि देवनागरी नावे पुढच्या दुरुस्ती आवृत्तीत नीट करावीत. अधोरेघांचा दोष सर्वांत आधी. एक्स्पोर्ट संपल्यावर काय गेले आणि काय वगळले याची यादी दाखवावी. बिटविग आणि प्रिसोनस या संगीत सॉफ्टवेअर कंपन्यांनी २०२३ मध्ये डॉप्रोजेक्ट हा खुला फाइल प्रकार आणला आहे. त्यात ट्रॅक, टेम्पो, ऑटोमेशन (आवाजाची पातळी वगैरे आपोआप बदलण्याच्या नोंदी) आणि ऑडिओ एकत्र जातात आणि त्याचा तपशील कोणालाही वाचायला मिळतो. तो आपण स्वीकारणार आहात की नाही, हेही स्पष्ट कळवावे. दुरुस्ती होईपर्यंत 'जसाच्या तसा' हे शब्द जाहिरातीतून काढावेत.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास परवान्याची रक्कम परत मिळण्यासाठी आम्ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार दाखल करू.

सोबत : चाचणी प्रोजेक्ट, दोन्ही पर्यायांनी काढलेल्या मिडी फाइली, वेव्ह फाइली, हेक्स एडिटरमधील चित्रे, खरेदीची पावती.

आपले,
परवानाधारक ग्राहक
(ध्वनिमुद्रण व संगीत संयोजन स्टुडिओ)