ज्येष्ठमध रोज घ्या म्हणता?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला ज्येष्ठमधावरचा लेख वाचून संताप आला. ‘रोज सकाळी चमचाभर चूर्ण मधातून घ्यावे, अपाय काहीच नाही’ हे छापण्याआधी निदान एखाद्या वैद्यांना तरी दाखवायचं होतं.

माझे वडील बीपीच्या गोळ्या घेतात. असाच सल्ला कुठेतरी वाचून त्यांनी घशासाठी हे चाटण सुरू केलं आणि बरं वाटतंय म्हणून चालूच ठेवलं. हळूहळू पायातलं त्राण गेलं. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायचे, अर्धवट उठायचे आणि परत बसायचे. तपासलं तर बीपी चढलेलं, पोटॅशियम पार खाली. डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा आम्ही गोळ्यांची पाकिटं पुढे केली. चूर्णाची बरणी कुणाच्या ध्यानातही आली नाही. बाळगुटीत उगाळतो तो ज्येष्ठमध, त्याला औषध कोण म्हणतं? ‘काढा, चाटण काही चालू आहे का?’ असं डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड असतं. तेच मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, मग अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू असली तर विचारूच नका. युरोपात ग्लिसिरायझिनचं प्रमाण जास्त असलेल्या गोळ्या-मिठायांच्या पाकिटावर रक्तदाबाच्या रुग्णांसाठी इशारा छापावाच लागतो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन चाळिशी ओलांडलेल्यांना बजावतं, की काळी लिकरिस, म्हणजे ज्येष्ठमधाची काळी मिठाई, रोज २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम, दोन आठवडे खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडून दवाखाना गाठावा लागू शकतो. आणि आपल्याकडे ‘अपाय काहीच नाही’!

खोकला झाला, चार दिवस कांडी चघळली, याला माझी ना नाही. गाणारी मंडळी चघळतातच. माझा राग त्या ‘रोज’वर आहे.

आणखी एक. ‘ज्येष्ठ महिन्यात खणतात म्हणून ज्येष्ठमध’ हे कुठून काढलंत? मूळ शब्द यष्टिमधु, यष्टि म्हणजे काठी. गुजरातीत आजही जेठीमध म्हणतात. त्याचा महिन्याशी काय संबंध?

खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी नकोत. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं तो कोपरा वाचत नाहीत.

– एक वाचक, सातारा