हे एप्रिलपर्यंत जमेल का?

पुणे, ३० डिसेंबर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (HbA1c) ६.१ आली, आणि आता एक तारखेपासून जिम, भात बंद, साखर बंद, पहाटे पाचला उठणं. फोन ठेवला आणि मला झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

६.१ म्हणजे अजून मधुमेह नाही, रे. ५.७ ते ६.४ हा उंबरठा. इथून पुष्कळ जण माघारी फिरतात. तूही फिरावंस असं मला मनापासून वाटतं.

दोन वर्षांपूर्वी माझी ६.२ होती. मीही सगळं एकाच दिवशी बदललं. जिमचे वर्षाचे पैसे भरले, पानातून भात काढला. संक्रांतीला बहिणीकडे गुळाची पोळी खाल्ली, आणि आता मोडलंच आहे असं म्हणून पुढच्या आठवड्यात सगळंच सोडलं. आईने एका शब्दाने विचारलं नाही. रात्री पुन्हा भात वाढला, एवढंच. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. रक्तात जितकी साखर, तितकी ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि ही तपासणी तेच मोजते. म्हणजे एका गुळाच्या पोळीने तिथे काही बिघडत नाही, आणि चार दिवसांच्या कडक पथ्याने काही सुधारतही नाही. तेव्हापासून काहीही सुरू करताना मी एवढंच बघतो, हे तीन-चार महिने जमेल का?

जमली ती शतपावली. तुझे आजोबा जेवण झालं की हात मागे बांधून वाड्याच्या चौकात फेऱ्या घालायचे, आठवतं? चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर ती फार चढत नाही. मी आता हात धुतले की चपला घालतो. पंधरा मिनिटं, सोसायटीच्या चार फेऱ्या. आई बरोबर असते. तिचा गुडघा दुखत असला की दोन फेऱ्या तिच्याबरोबर, उरलेल्या एकट्याने. जुलैच्या पावसात आठ दिवस खंड पडला. नवव्या दिवशी तिनेच छत्री हातात दिली.

दुसरं चहाचं. चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातून दिवसाला जवळजवळ ४० ग्रॅम साखर! दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो. आता कुणी पूर्वीसारखा चहा दिला तर दुसरा घोट घेववत नाही. भात मात्र सोडला नाही. आधी भाजी, उसळ, मग एक वाटी भात. गेल्या महिन्यात ५.८ आली.

म्हणून सांगतो, भात सोडू नकोस. जिमचं एप्रिलचा रिपोर्ट आल्यावर ठरव, आणि ती तपासणी चुकवू नकोस.

एक तारखेला रात्री जेवण झालं की मला फोन कर. तू नाशकात चाल, मी इथे चालतो. वहिनींनाही बरोबर घे. काकूंना नमस्कार.

तुझाच,
वाड्यातला शेजारी