शेजारच्या केबिनमधल्या काकांचे आभार

सुट्टीत राहायला घेतलेल्या केबिनला कुलूप घालून आम्ही फिरायला गेलो. सगळं बंद केलंय याची मला खात्री होती. (ती मला नेहमीच असते!) पण मागच्या सरकत्या दाराचा खटका बसलाच नव्हता. दुपारी वारा सुटला, दार हातभर सरकलं आणि पाऊस आत येऊ लागला.

शेजारच्या केबिनमधल्या काकांना ते दिसलं. त्यांनी बाहेरूनच दार ओढून घेतलं, पण ते पुन्हा सरकत होतं. मग खुर्ची दाराला टेकवून ते स्वतःच तिच्यावर बसून राहिले. आम्ही परतलो तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "कुणाच्या घरात असं कसं शिरायचं?" एवढंच म्हणाले.

नंतर जुन्या झाडूचा दांडा मापाने कापून त्यांनी आतून दाराच्या खाचेत आडवा बसवून दाखवला. खटका निसटला तरी दार सरकत नाही. निघताना गॅसचा रेग्युलेटरही बंद करा, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. तोही चालूच होता.

काका, नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार. दांडा सोबत आणलाय.