काका, त्या 17 पेट्यांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. देवगडात काका पुष्कळ, पण ‘डबल चौकटी कंस’ ऐकून मान वर करणारे तुम्ही एकटेच, त्यामुळे ओळखणारे ओळखतीलच.

एप्रिलचा शेवट, आंब्याचा ऐन हंगाम. माझ्या मॅकवर लिहिलेली लेबलांची स्क्रिप्ट मी मोठ्या तोऱ्यात गोडाऊनमधल्या उबुंटू लिनक्सच्या जुन्या मशीनवर चढवली. काम साधं: ऑर्डरमध्ये शहर पुणे असेल तर पुण्याचा टेम्पो, नाहीतर मुंबईचा. मॅकवर दहा वेळा चालवली होती. इथेही लेबलं भराभर निघाली. मुंबईचा टेम्पो राजापूर ओलांडून गेल्यावर बाबांनी विचारलं, करूळ घाटाने जायचा तो टेम्पो अजून रिकामा कसा? पुण्याच्या 17 पेट्या मुंबईच्या वाटेला लागल्या होत्या.

तुम्ही आलात, चहासुद्धा नको म्हणालात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, “एरर खंय गेली?” ती मीच डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं गायब करणाऱ्या खड्ड्यात, ढकलत होतो, स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून! तेवढा तुकडा खोडून तुम्ही स्क्रिप्ट पुन्हा चालवलीत. प्रत्येक ऑर्डरमागे एक ओळ: [[ नावाची कमांड सापडली नाही. ‘शहर पुणे आहे का’ हे मी त्याच डबल चौकटी कंसात विचारलं होतं. “ता तुका सांगता हा, तूच तेचा तोंड बांधून ठेवलंस.”

स्क्रिप्ट कुठल्या शेलने, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत मी ‘बिन एसएच’ लिहिलं होतं. मॅकवर त्या नावामागे बॅश नावाचा शेल बसलेला असतो, तोही 2006 सालचा 3.2, आणि तो स्वतःच्या सगळ्या लकबी चालवून घेतो. उबुंटूत मात्र 2006 च्या 6.10 पासून तिथे डॅश हा दुसरा, साधा शेल आहे. त्याला [[ म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमचं नाव वाटतं. तो शोधतो, सापडत नाही, आणि ‘असेल तर’ विचारणाऱ्या ‘इफ’ला ते अपयश म्हणजे सरळ ‘नाही’. म्हणून पुणेसुद्धा मुंबई. स्क्रिप्ट कोसळली असती तर परवडलं असतं.

मी म्हटलं, पहिल्या ओळीत बॅश लिहू आणि मोकळे होऊ. खरं तर त्या दिवशी तेवढ्यानेही भागलं असतं. पण तुम्ही मला उचलून घरी नेलंत, तुमच्या फ्रीबीएसडीसमोर, त्या तिसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमसमोर, बसवलंत. तिथे बॅश मुळात येतच नाही, वेगळा घालावा लागतो. मग सगळ्या शेलना चालणारा एकच कंस, दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच. तेवढं करून मी खूश, तर ‘नवी मुंबई’ला स्क्रिप्ट पुन्हा अडली: एकेरी कंसात शहराचं नाव धरणाऱ्या व्हेरिएबलला अवतरण नसलं की मधल्या जागेमुळे त्याचे दोन शब्द होतात. तुम्हाला ते आधीच दिसत होतं, हे मला नंतर कळलं. गप्प बसलात, बरं केलंत.

मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडच्या ‘मायनस आय’ने (फाईल जागच्या जागी बदलायचा पर्याय) तर संध्याकाळ खाल्ली. मॅकला आणि फ्रीबीएसडीला त्याच्यापुढे बॅकअप फाईलच्या नावाचं शेपूट लागतं, रिकामं का होईना. उबुंटूवर तेच रिकामं शेपूट वेगळं लिहिलं की सेड त्यालाच कमांड समजतो. पॉझिक्समध्ये, म्हणजे अशा सिस्टिमच्या सामाईक नियमावलीत, तो पर्यायच नाही. शेवटी तुमची जुनी रीत: दुसऱ्या फाईलमध्ये लिहायचं आणि मग नाव बदलायचं. मजकूर छापणाऱ्या एकोच्या जागी प्रिंटएफही तेव्हाच आला, कारण पत्त्यातला उलटा स्लॅश बॅशचा एको सहसा तसाच छापतो आणि डॅशचा त्याचा अर्थ लावायला बसतो.

त्या 17 पेट्या वाशीहून पुण्याला वळवल्या. भाडं आमच्या अंगावर, आणि बाबांची बोलणी वेगळी. तुम्ही मात्र ना हसलात, ना पैसे घेतलेत. आता मी काही लिहिलं की आधी डॅशवर चालवतो, मग तुमच्याकडे पाठवतो. तुमचं उत्तर बहुतेक एका शब्दाचं असतं, “अवतरण.”

तुमची पेटी आढीत घातली आहे, अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचेल. लेबल त्याच स्क्रिप्टने छापलंय. त्यावर मुंबई लिहिलेलं दिसलं तर फोन करा.

तुमचा,
गोडाऊनवाला